पावाच्या कडा

प्रभुभोजनाचा पाव आमच्या मंडळीत मीच कापते.
भायखळ्यात, बावीस वर्षं.
शनिवारी संध्याकाळी बेकरीतून आणायचा,
कडा काढायच्या, बोटाच्या पेराएवढे चौकोन करायचे,
पांढऱ्या फडक्याखाली झाकायचे.
कडा माझ्या. हे कुणी ठरवलं नव्हतं.

आधी नुसत्या कडा होत्या.
मग रात्रपाळीहून आल्यावर कालचा पुलाव, पातेल्यातूनच,
झाकण हातात धरून, उभ्याने.
बसलं तर ते जेवण झालं असतं,
आणि जेवण तर वॉर्डात झालं होतं.
तांदळाच्या डब्यामागे खारी.
खारीमागे चकली.
चकलीमागे काय, ते अनुग्रहलाही ठाऊक नव्हतं,
आणि तो माझ्याच पोटचा, गोडाचा वास तीन खोल्यांतून घेणारा.

फ्रिजचा दिवा लागला की वाटायचं,
कुणीतरी माझी वाट पाहत जागं होतं.
भूक मी ओळखते, तिला पोट असतं.
हिला नुसतंच तोंड होतं.

प्रार्थना करायचे: प्रभू, हे काढून घे.
म्हणता म्हणता दाढेत शेवेचा कण सापडायचा
आणि आमेनच्या आधी जीभ तिकडे.

एका शनिवारी दुपारपाळीत सतरा नंबरचे पाटोळेमामा गेले.
शेवटपर्यंत पेज मागत होते.
केसपेपरवर माझ्याच अक्षरात: तोंडाने काही देऊ नये.
घरी येऊन पाव कापायला घेतला.
कडा खाल्ल्या. मग एक चौकोन. मग
फडकं नीट घडी करून बाजूला ठेवलं,
म्हणजे काय करतेय ते कळत होतं मला.
अकराच्या सुमाराला ताटात फक्त सुरी होती.

पहाटे माझगावच्या भट्टीशी जाऊन उभी राहिले.
मुश्ताकने पिठाच्या हातांनी पाव दिला.
"सिस्टर, आज इतक्या लवकर?"
गरम पाव नीट कापला जात नाही.
चौकोन वेडेवाकडे झाले.

सालोमीबाईंना सांगून टाकलं, त्या द्राक्षरस ओतत असताना.
ऐंशीच्या आहेत. हात थरथरतो, थेंब सांडत नाही.
म्हणाल्या, "रानात मान्ना पडायचा ना,
उद्यासाठी दडवलेल्यात किडे व्हायचे.
घाबरलेली माणसं गं ती.
चाळीस वर्षं रोज सकाळी मिळालं,
तरी रोज रात्री घाबरलेली."
आणि पुढचा पेला भरला.

ताट माझ्यापर्यंत आलं, तेव्हा सर्वांत लहान तुकडा उरला होता.
बावीस वर्षं मी तो गिळत आले होते.
त्या दिवशी चावला.
मीठ, भट्टीची किंचित राख,
मग उशिरा, अगदी उशिरा, गव्हाचा गोडवा.
पाटोळेमामा आठवले.
तोंड रिकामं झालं, आणि मी ते रिकामं राहू दिलं.

लगेच बरी झाले असं नाही.
नाताळात एका बैठकीत अकरा करंज्या.
पण मोजल्या, आणि अनुग्रहला आकडा सांगितला.
हल्ली पहाटे ताट घेऊन खिडकीशी बसते.
गिरणीच्या जुन्या धुराड्यावर घार असते.
अर्धी भाकरी, वाटीभर आमटी,
आणि "पुरे" हा शब्द, मोठ्याने,
नव्या पेशंटचं नाव पाठ करावं तसा.
कधी फ्रिज उघडते. दिवा लागतो.
त्याला म्हणते, तू झोप आता.

कडा सालोमीबाई नेतात.
दात नाहीत, चहात बुडवून खातात.
एक कड त्यांना अर्धा तास पुरते.