दोन किलोपर्यंत

दवाखान्यातला वजनकाटा परवापासून मेलाय.
बॅटऱ्या खालच्या गावात मिळतात, बस गुरुवारी.
आणि ही आली मंगळवारी पहाटे,
दिवस पूर्ण भरून (मी दोनदा मोजले)
तरी माझ्या कोपरापासून मनगटापर्यंतच.

"किती आहे?" एउफ्रासियानं विचारलं.
मुलगा की मुलगी, ते नंतर.

लोकरीच्या टोपीत घालून, माझ्या स्वेटरच्या आत छातीशी धरून
गोठलेल्या चिखलाची गल्ली उतरले,
सोनं विकत घेणाऱ्या तेओदोसियोकडे.
तो पारा जाळत होता. मी उंबऱ्याबाहेरच थांबले.
त्यानं काही न विचारता बर्नर विझवला, खिडकी उघडली,
आणि आम्ही तिघं रस्त्यावर उभे राहिलो
धूर जाईपर्यंत. गेला का, कोण सांगणार?
वास नसतो त्याला.

"दोन किलोपर्यंतच मोजतो हा," तो म्हणाला.
"पुरे आहे," मी म्हणाले,
आणि शब्द तोंडातच जड झाला.

तबकडी पुसली त्यानं. फडकं बदलून पुन्हा.
काचेचं झाकण लागेना, तिचा पाय बाहेर येत होता,
मग वाऱ्याला हातांचा आडोसा केला
आणि श्वास रोखला,
गुंजभर सोन्यासाठी रोखतो तसा, सवयीनं.
एक हजार सातशे चाळीस.
पावती फाडून दिली. भावाचा रकाना कोरा.

रात्री माझ्यापुढे दुसरा रकाना: कारण.
सरकारी कागदावर बोटभर जागा.

काय लिहू? हवा?
पाच हजार मीटरवर इथं मेणबत्तीसुद्धा अर्धपोटी जळते.
की नवरा महिनाभर फुकट खणतो
आणि शेवटच्या दिवशी पाठीवर मावेल तेवढा दगड त्याची मजुरी,
त्यात कधी सोनं निघतं, बहुतेकदा दगडच?
बायकांना बोगद्यात बंदी, डोंगर रुसतो म्हणे,
म्हणून त्या बाहेर फेकलेल्या खडीवर ओणव्या होऊन
दिवसभर चकाकी वेचतात. आठव्या महिन्यातही.
घडी पडलेल्या पोटात मूल कुठं पाय पसरत असेल?

लोहाच्या साठ गोळ्या दिल्या होत्या मी.
चोपन्न तिच्या उशाशी सापडल्या.
"रिकाम्या पोटी मळमळतं," ती म्हणाली.
मी चिठ्ठीवर लिहिलं होतं: जेवणानंतर.
जेवण गृहीत धरलं होतं.

तिची आई म्हणाली, "हीसुद्धा एवढीशीच होती."
अभिमानानं की शरमेनं, कळलं नाही.

शेवटी लिहिलं, आईचे पोषण अपुरे.
जणू आईनंच हात आखडता घेतला.
खोडलं. दुसरं सुचेना. कागद खाडाखोडीसकट गेला.

गुरुवारी बस आली नाही. घाटात बर्फ.
ती आता आईच्या उघड्या छातीवर, वर तीन घोंगड्या,
चमच्यानं दूध, थेंब थेंब, निम्मं हनुवटीवर.
तिसऱ्या दिवशी सोळाशे नव्वद.
आधी उतरतंच, मी सांगितलं, एउफ्रासियाला आणि मला.
काल सतराशे पंचावन्न.

आम्ही गल्लीत दिसलो की तेओदोसियो
आपणहून बर्नर विझवतो. गिऱ्हाईक थांबतं.
दोन किलोच्या पुढं काटा आकडा दाखवत नाही म्हणे,
नुसत्या चार आडव्या रेघा.

मी त्या रेघांची वाट पाहतेय.