फक्त

कागद टेबलावर आहे. बावीस पानं.
अकराव्या पानावर तो शब्द: फक्त.
फक्त आमच्या यंत्रावर. फक्त सात वर्षं.
घेऊन आलाय ओवेन ट्रॅस्क नावाचा मुलगा,
लंडनहून, भिजलेल्या बुटांनी.
बूट दारात काढू का, असं त्याने दोनदा विचारलं
आणि मला तो उगीच आवडून गेला.

मी इशबेल गुर्ली, डंडी, वय सदुसष्ट.
एका डोळ्यात मोतीबिंदू, छपराला गळती.
चौऱ्याऐंशी साली आलेखाच्या कागदावर
मी एक समुद्रपक्षी काढला, अकरा ठिपक्यांचा.
बाराव्या ठिपक्याला मेमरीत जागा नव्हती,
म्हणून त्याला एकच पाय.
ड्युगल म्हणाला, उडताना पाय मोजतंय कोण?

एक दीपगृह, त्रेचाळीस पायऱ्या, हातात तेलाचा डबा,
आणि तेल सांडवणारे ते लंगडे पक्षी.
एवढाच खेळ.
कॅसेट लावली की आधी पाच मिनिटं
शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी ओरडायची,
आणि चर्चमध्ये कधी बसली नसतील
इतकी गप्प बसायची पोरं त्या ओरडण्यासमोर.

पैसे?
लिव्हरपूलच्या प्रकाशकाने एक चेक दिला.
तो वटला नाही. पुढे प्रकाशकही सापडला नाही.
ड्युगल बस चालवू लागला, मी शाळेत भूमिती शिकवली.
खेळ मात्र फिरत राहिला
या कॅसेटवरून त्या कॅसेटवर,
कुणाच्या तरी आईची गाणी पुसून.
चोरीच ती. पण त्या चोरांनी
कधी कुलूप लावलं नाही.

आता शिळ्या कढीला ऊत आलाय
आणि पातेलं धरायला हे धावलेत.
देऊ देत ना पैसे. मी नको म्हणणार नाही.
जुनं ते फुकटच असावं म्हणणाऱ्यांनी
ड्युगलच्या बायकोचं विजेचं बिल पाहिलेलं नाही.

पण खेळ विकत घेणं निराळं,
आणि इतरांना तो मिळू नये म्हणून पैसे मोजणं निराळं.
अर्ब्रोथचा पेट्री चाळीस वर्षं एक प्रत जपून आहे,
मागेल त्याला देतो, वर टपालखर्चही स्वतः भरतो.
ते थांबवावं लागेल, ओवेन म्हणाला. नोटीस जाईल.
कुणाच्या नावाने?
तो बुटांकडे बघत म्हणाला, तुमच्या.
पेट्री एक्क्याऐंशीचा आहे.
त्याच्या सात वर्षांना फक्त म्हणता येत नाही.

आणि चौदावी खोली?
तिथे डावीकडे उडी मारली की दिवेवाला
भिंतीतून आरपार जातो, समुद्रात पडतो.
चूक माझी. एक उणे चिन्ह राहून गेलं होतं.
ड्युगल गेला तेव्हा जी पत्रं आली
त्यातली निम्मी त्या समुद्राबद्दलच.
एकाने लिहिलं, बाबा घर सोडून गेले त्या आठवड्यात
मी रोज जाऊन तिथे पडायचो.

ते आम्ही दुरुस्त करू, ओवेन म्हणाला.
किती अभिमानाने म्हणाला!

मग मी माळ्यावरून ते जुनं यंत्र काढलं.
कॅसेटची सैल फीत पेन्सिलीने गुंडाळली,
आवाज सातवर ठेवला, नाहीतर ते रुसतं.
म्हटलं, तू आधी खेळ.

तो खेळतोय. चहा निवतोय.
इकडे मी पेनाचं टोपण काढून बसले आहे.
फक्त खोडला तर रकमेतलं एक शून्य जाईल,
एवढं गणित मला येतं.
पण त्या शून्यातलं अर्धं माझं नाही.
ऊनाला फोन लावलाय. ती चार स्टॉपवर राहते,
कमी ऐकते, उशिरा उचलते.
वाजतोय.

मागून ओवेनचा आवाज आला, अरे!
वळून पाहिलं नाही मी. निळा उजेड भिंतीवर होता.
आता यातून बाहेर कसं यायचं? त्याने विचारलं.
येता येत नाही, मी म्हटलं.
त्याने यंत्र बंद केलं नाही.