फोडणे

बर्फाची लादी फोडायची तर आधी
तिच्या अंगातली केसाएवढी रेघ शोधावी लागते.
मग जोर लागत नाही.
टोच्या टेकवायचा, वरून एक टोला.
हे मला ओडेरानंच शिकवलं, किसुमूला, डुंगाच्या धक्क्यावर,
तेव्हा तो त्यांचा होता
आणि मी नुसती बघायला गेले होते.

त्यांची पेटी उन्हावर चालायची, आमचीही.
त्यांच्या पेटीत मासा चौथ्या दिवशी डोळा स्वच्छ ठेवून,
आमच्या पेटीला दुसऱ्या दुपारीच वास.
फरक एका माणसाचा.
आमचे गुंतवणूकदार फोनवर हसत म्हणाले,
यंत्र चोरता येत नाही,
माणसाला जेवायला तर बोलावता येतं.

रेघ मला सापडली.
कुणी दाखवली ते सांगणार नाही.
नेकेसाचं अनुदान नैरोबीत अडकलेलं,
दोन महिने कुणालाच पगार नाही,
आणि ओडेराच्या मुलीची फी शुक्रवारपर्यंत.
मी गुरुवार निवडला.

सरोवराकाठची पत्र्याची खानावळ,
मध्ये उगालीचा ढीग, वाफाळता तिलापिया.
बारा टक्के, मी म्हटलं. पगार दुप्पट.
सहसंस्थापक, तोंडी नाही, कागदावर.
आणि त्यानं विचारलं नव्हतं तरी
घरून आणलेला युक्तिवाद मांडत गेले:
माणूस कुणाच्या मालकीचा नसतो.
तळं राखील तो पाणी चाखील,
मग तूच का कोरडा?
गाठ तिनं सैल बांधली असेल
तर सुटल्याचा दोष माझा कसा?

तो काट्यातून मांस सोडवत होता.
सोडवून झाल्यावर त्यानं हात धुतले,
फोन काढला,
मिठाच्या डबीला टेकवून उभा केला,
स्पीकर लावला.

'नेकेसा, समोर केरूबो बसली आहे.
मला जे सांगितलं ते तुलाही सांगेल.'

पलीकडे जनरेटरची धडधड.
ती म्बिटाला होती, उघड्या कॉम्प्रेसरपाशी.
'हात ग्रीसनं भरलेत,' ती म्हणाली,
'पण ऐकू येतंय. बोल.'

मी बारा टक्के सांगितले. पगार सांगितला.
आकड्यांना लाज नसते,
ते कुणाहीपुढे सरळ उभे राहतात.
मालकीचं वाक्य सांगायला गेले
तर ते त्या धडधडीत अर्धंच उरलं.

'चांगलं आहे,' ती म्हणाली. 'आम्ही नऊ दिलेत.
असते तर जास्त दिले असते.'
मग, माशाचा भाव विचारावा
इतक्याच साध्या आवाजात:
'हाच आठवडा कसा निवडलास?'

ओडेरा माझ्याकडे बघत नव्हता.
माशाचा डोळा बघत होता,
तळलेला, पांढरा.
जनरेटर बराच वेळ चालला,
मग तिकडून कुणीतरी तिला हाक मारली.

ओडेरा आला.
लगेच नाही. मार्चमध्ये,
त्यांची नवी पेटी पुरी करून,
आपल्या जागी एक पोरगा तयार करून.
मधल्या महिन्यांत मुलीची फी कुणी भरली
मला माहीत नाही.
करारावर बारा बघून म्हणाला, नऊ लिही.
कारण सांगितलं नाही. मी विचारलंही नाही,
स्वस्तात पडलं म्हणून आधी बरंच वाटलं.

आता आमच्या पेटीतही मासा चार दिवस टिकतो.
फाटकापाशी अनोळखी गाडी थांबली
की मी पगाराच्या तारखा मोजते.
ओडेरा कुणाचाही फोन आला तरी
स्पीकर लावूनच बोलतो,
बायकोचासुद्धा. ऑफिसात सगळे हसतात.

नेकेसा पहाटेच्या लिलावात भेटते.
तो प्रश्न तिनं पुन्हा विचारलेला नाही.
बर्फाचा आजचा भाव विचारला
तर सांगते,
आणि खरा सांगते.