खिडकी कोणी उघडी ठेवली?

आज चारशे बाराव्या भागात
शंतनूला पुन्हा मूर्ख करायचं आहे.
तसा हुशार मुलगा. पहिल्याच भागात
मी त्याला सुवर्णपदक दिलं होतं,
पेल्यावरच्या ठशावरून माणूस ओळखायचा.
आता स्वतःच्या घरात विष कोण कालवतं
हे त्याला दीडशे भाग कळलेलं नाही.
काकू रोज कॅमेऱ्याकडे बघून हसते,
तो तिच्या शेजारीच पोहे खात असतो.

ओवळ्याच्या बंगल्यात सेट.
घोडबंदर रोडवर ट्रक खाकरला
की संवाद पहिल्यापासून.
मी मागच्या खोलीत, गाद्यांच्या ढिगावर बसून
त्याचे फोन बंद पाडते,
त्याला एकट्याला गायमुखच्या खाडीवर पाठवते,
रात्री, कोणाला न सांगता,
पोलिसातला मित्र असताना.
दाराआड उभं राहून
अर्धंच ऐकून निघून जाणारी माणसं
मी घाऊक भावात आणते.

तू शहाणा झालास ना, शंतनू,
तर शुक्रवारी सगळं संपेल.
मग ट्रॉली ढकलणारा हिरू वारघडे
येऊरला परत जाऊन काय ढकलेल?
आणि तुझ्या काकूचं कासारवडवलीचं घर,
त्याचा हप्ता तुझ्या विषावर चाललाय.

आमच्या इमारतीत सातव्या मजल्यावर कारखानीस.
जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले,
आता माझे तपासतात.
लिफ्टचं दार मिटलं की सुरू:
"अहो, पत्र त्याच्या हातात आहे. फोडत का नाही?
आईचं अक्षर ओळखत नाही का गाढव?"
मी म्हणते, वाहिनीचं म्हणणं असं की...
"वाहिनीला आई नाही का?"
त्यांच्याकडे वही आहे. चुका तारीखवार.
लाल शाई.

एकदा ऐकलंही त्यांचं.
लिहिलं: शंतनू पत्र फोडतो. वाचतो.
खुर्चीत बसतो.
'अच्छा,' एवढंच म्हणतो.
वाहिनीवरून फोन आला, छान आहे,
पण मग पुढे काय?
खरंच. मग पुढे काय.

म्हणून आज मी वारा आणला.
पडदा फुगला, पत्र उडालं,
शंतनू धावला, अर्थात उलट्या दिशेने.
हिरूने पंखा धरला होता, दोन्ही हातांनी,
लहान मूल धरावं तसा.

खाली जिन्याशी टपालपेट्यांची रांग.
सातशे तीनच्या फटीत एक पाकीट
गणपतीपासून दिसतं. आता संक्रांत झाली.
पत्ता हाताने लिहिलेला,
पाठवणाराचं आडनाव तेच,
गाव कोपरखैरणे.
वॉचमनला सगळं माहीत असतं:
सख्खा भाऊ. नऊ वर्षं बोलणं नाही.
आईचं शिलाई मशीन कोणी न्यायचं यावरून.
इतकं फुटकळ कारण मी लिहिलं असतं
तर मला कामावरून काढलं असतं.
आणि मध्ये खाडी एकच,
पूल ओलांडला की पाऊण तास.

भाग दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी
ते लिफ्टमध्ये होतेच.
"वाऱ्याने?"
हो.
"खिडकी कोणी उघडी ठेवली?"
मी, म्हटलं.
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी शंतनूकडे कधीच पाहिलं नाही.

तळमजला आला.
त्यांनी किल्ल्या काढल्या, पेटी उघडली,
विजेचं बिल बाहेर घेतलं,
पाकीट अंगठ्याने परत आत सरकवलं,
हलकेच, कोपरा दुमडू नये असं.
मला बोलता आलं असतं.
मी चपलेचा बंद नीट करत बसले.
त्यांनी पेटीला टेकून वही उघडली
आणि लाल शाईने लिहिलं,
भाग चारशे बारा.