न्याम्बुराचा प्रश्न

पेटीला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन घरांत:
एक कौसाबाईच्या कमरेला,
एक रुकय्याच्या पिठाच्या डब्यात,
तिसरी माझ्याकडे, कारण वही मी लिहिते.

पहिल्या वर्षीची वही म्हणजे नुसते निळे अंगठे.
महिन्याचे वीस रुपये.
शेवंता दहा-दहा करून आणायची,
दुसरे दहा नवरा झोपल्यावर.
पुढं शेळ्या झाल्या, शिलाई मशीन झालं,
मग औशाच्या रस्त्याला डाळीची गिरणी.
अंगठ्यांच्या जागी सह्या आल्या,
कौसाबाईची सही अजून उतरंडीसारखी, कधी ढासळेल सांगता येत नाही.

माघात पाहुण्या आल्या, केनियाच्या.
न्याम्बुरा तिच्या भाषेत बोलायची,
एकजण त्याचं इंग्रजी करायचा,
तालुक्याची पोरगी इंग्रजीचं मराठी.
दोन माणसांतून गाळून येईस्तोवर
हसू उशिरा यायचं, आणि दोनदा.

तिनं भाकरी मोडली, वास घेतला, म्हणाली, म्तामा.
कणीस दाखवलं तर तिनं गालाला लावलं.
त्याही म्हणे झाडाखाली गोल बसतात,
पैसे जमवतात, दर महिन्याला एकीला देतात.
"म्हंजी भिशीच की व माय!" रुकय्या ओरडली.
याचं भाषांतर कुणी केलं नाही. लागलं नाही.

आम्ही सगळं दाखवलं. पासबुक, मोटर, पोती.
मग तिनं एक बारकासा प्रश्न विचारला.
तो इंग्रजीतून आला, आणि मराठीत येताना
पोरगी जराशी थांबली.
"त्या विचारतात, गिरणी उभी आहे ती जागा कुणाच्या नावावर?"

कौसाबाईनं पदर सारखा केला.
"जागा सासऱ्याची. शेत लेकाचं.
घर... घर असंच हाय."
आणि बराच वेळ टिनावर चिमण्या.
मग शेवंता म्हणाली, "तिलाबी इचार की."

प्रश्न उलट्या वाटेनं गेला.
न्याम्बुरानं दहा बोटं दाखवली, मग एक.
नवरा गेल्यावर अकरा वर्षं कोर्टात, दिराशी.
कागद तिच्या पर्समध्ये होता. दुमडून दुमडून
घड्यांवर विरलेला.

त्या रात्री वहीत मी एक रकाना वाढवला.
पट्टी सापडेना, लाटण्यानं आखला, वाकडाच आला.
चोवीस नावांपुढं एकच आकडा:
रुकय्याचे दीड गुंठे, माहेरचे, खडकाचे.

तलाठी मंगळवारी बसतो.
कौसाबाई निघाली, कमरेला किल्ली तशीच.
म्हटलं, ती कशाला तिथं?
म्हणाली, "कमरंला वजन असलं
की मला नीट उभं ऱ्हाता येतं."