पाणी बंद

एकतीस वर्षं मी शिरोड्यात पाणी सोडलं.
पहाटे पाचला वरच्या वाड्याचा व्हॉल्व, साडेसहाला खालचा.
नळ पहिल्यांदा खाकरला की
लोक चुलीवर चहा चढवायचे.

आता निवृत्त. आणि पदरात हे अडेनियम,
ज्याला पाणी न देणं शिकावं लागतं.

एर्मेलिंदबाईने शेंगा दिल्या, शिंगांसारख्या जोडीने,
दोऱ्याने करकचून बांधलेल्या.
उकलल्या तर बी उडेल, म्हणाली,
दोन्ही टोकांना झुपके असतात त्याला.
चिऱ्याचा चुरा, जाड वाळू, मूठभर काथ्या.
बावीस बिया आडव्या निजवल्या.
चौथ्या दिवशी सतरा उठल्या.

मग पाऊस, आमच्याकडचा, न विचारता येणारा.
रोपं पत्र्याखाली नेली, तरी हवाच ओली.
रोज अंगठ्याने बुंधे दाबून बघायचो:
घट्ट, घट्ट, घट्ट,
आणि एक पिकल्या केळ्यासारखा.
सुरीने काळं काढत गेलो पांढरं लागेपर्यंत,
हळद भरली, सावलीत उलटा टांगला.
सुलक्षा दारातून म्हणाली,
माझ्या गुडघ्याला एवढी हळद कधी लावली नाही.
खरं आहे.

नऊ उरलीत. पोटं धरलीत त्यांनी.
कुंडी बदलताना प्रत्येकाला बोटभर वर उचलतो.
फूल कुठल्या रंगाचं, सांगता येत नाही,
आईचं गुलाबी होतं एवढंच.

हात मात्र अजून पाचला जागा होतो,
अंधारात काहीतरी फिरवू लागतो,
डावीकडे, डावीकडे.
मी तो झारीवरून उचलून
सुलक्षाच्या गुडघ्यावर ठेवतो.