ऐंशी अंश, दहा मिनिटं

नमुना क्रमांक एकशे सतरा.
शेंगाचटणी, पाव किलो.
पिशवीचं तोंड मेणबत्तीवर चिकटवलेलं, जरा काळवंडलेलं.
लेबलवर बॉलपेनने: नरसम्मा गुर्रम, अशोक चौकाच्या मागे.
खाली आणखी काहीतरी, बारीक. वाचत नाही.

दहा ग्रॅम मोजते, नव्वद मिली पाण्यात ढवळते.
लसूण मास्कमधून आत येतो
आणि अकरालाच भूक लागते.

मग वॉटर बाथ. ऐंशी अंश, दहा मिनिटं.
बाहेर अक्कलकोट रोडवर चव्वेचाळीस.
वॉचमन इरण्णा दारातून म्हणतो,
"जंतूंसाठी लाईट कशाला जाळताव मॅडम,
गच्चीवर ठेवा की. मरतेत."

मरतात ते जिवंत असलेले, इरण्णा.
खाणारे, वाढणारे, एकाचे दोन होणारे.
बीजाणू राहतात.
आतलं पाणी काढून टाकलेले,
कॅल्शियम घट्ट धरून कवचावर कवच ओढलेले,
जगायचं काम थांबवून बसलेले.
टरफलाच्या मातीतून आले, कढईत भाजले,
उखळात मिरचीबरोबर कुटले गेले,
त्यांना ही ऐंशीची आंघोळ म्हणजे
कुणीतरी कडी वाजवावी तशी.
काहींना तर त्यानेच जाग येते.

कॉलेजात बुरगुंडे सर फळ्यावर रेघ काढायचे.
इतक्या तापमानाला इतक्या मिनिटांत दहातले नऊ जातात,
पुढच्या तितक्याच मिनिटांत उरलेल्यातले नऊ.
रेघ सरळ खाली, खाली.
मी विचारलं, सर, शून्य कुठंय?
हातावरचा खडू झटकत म्हणाले,
फळा आधी संपतो.

दोन दिवसांनी प्लेटवर सात वसाहती.
गुलाबी, कडेला दुधाळ वलय.
पेनाने एकेक टिंब देत मोजते, परत मोजते.
मर्यादेच्या आत. सही. शिक्का.

रिपोर्ट न्यायला ती स्वतःच आली,
पदराने मान पुसत, रिक्षा थांबवून.
"पास ना? म्हणजे काय बी नाही ना त्यात?"
आहे, म्हटलं. थोडं.
"भाजायला कमी पडलं का?"
नाही हो. कितीही भाजा.
आचेने नाही भागत,
पाणी लागू देऊ नका, एवढंच.

ती माझ्याकडे बघत राहिली.
मग टेबलावरची रिकामी पिशवी उचलून
बोट ठेवलं लेबलच्या खालच्या ओळीवर:
ओला चमचा घालू नये.